आकडा बरोबर, घात चुकला: शाब्दिक उदाहरणातली हरवलेली शून्यं कशी शोधायची

लालबागला चाळीतल्या आमच्या खोलीत मी आठवी ते दहावीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते. पावसाळ्यात पेपरात रोज तलावांच्या पाणीसाठ्याची चौकट येते. वैज्ञानिक रूपाचा, म्हणजे मोठी किंवा लहान संख्या ‘एक ते दहामधला आकडा गुणिले दहाचा घात’ अशी लिहिण्याचा, धडा आला की त्या चौकटीवरून मी एक उदाहरण घालते. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची मिळून क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर आहे. शहराला रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी लागतं. तलाव काठोकाठ भरले आणि त्यानंतर थेंबही पडला नाही, तर पाणी किती दिवस पुरेल?

एका वर्षी तीन वह्यांत तीन उत्तरं आली. (इथे १०^६ लिहिलं की दहाचा सहावा घात समजा. वहीत तो ६ वर लहान काढायचा.)

पहिल्या वहीत ३.७६ × १०^−४ दिवस.
दुसऱ्या वहीत ३.७६ × १०^८ दिवस.
तिसऱ्या वहीत ३.७६ × १०^२ दिवस.

पहिलं उत्तर खरं मानलं तर मुंबईचं सगळं पाणी ३२ सेकंदांत संपेल. दुसरं मानलं तर ते दहा लाख वर्षं पुरेल. तिसरं ३७६ दिवसांचं, आणि तेच बरोबर. पण मला लक्षात राहिली ती तिन्ही वह्यांतली ३.७६. भागाकार तिघांनाही येत होता, घातांकांचे नियमही तिघांना पाठ होते. ‘१०^१२ ÷ १०^९ किती?’ असं नुसतं विचारलं असतं तर तिघांनी तोंडी सांगितलं असतं.

दरवर्षी हेच दिसतं. नुसती घातांकांची उदाहरणं दिली की पैकीच्या पैकी, आणि तीच संख्या वाक्यात गुंडाळून दिली की गडबड. घरचे म्हणतात, सराव कमी पडतोय. मग मूल त्याच प्रकारची आणखी वीस उदाहरणं सोडवतं आणि वीस वेळा तिथेच अडखळतं. चूक गणित करताना झालेलीच नसते. ती वाक्यातून संख्या उचलताना होते, गणिताची पहिली ओळ लिहायच्या आधी.

आधी फरक मोजा

उत्तर चुकलं की अख्खं उदाहरण खोडून पुन्हा सोडवू नका. बरोबर उत्तर शेजारी लिहा आणि दोन गोष्टी पाहा. पुढचा आकडा जुळतो का? जुळत असेल तर घातांकात फरक कितीचा आहे? तो फरकच सांगतो की शून्यं कुठे सांडली.

वरच्या उदाहरणात बरोबर घातांक २. पहिल्या वहीत −४, म्हणजे सहाने कमी. दुसऱ्या वहीत ८, म्हणजे सहाने जास्त. सहा म्हणजे दशलक्ष. पहिल्या मुलीने रोजच्या पाण्याला दशलक्ष लावलं आणि तलावांच्या आकड्याला लावायचं विसरली. दुसऱ्याने तलावांचा आकडा नीट केला आणि रोजच्या पाण्याचे ३,८५० तसेच्या तसे भागाकारात घातले. गंमत म्हणजे दोन्हीकडचं दशलक्ष विसरणाऱ्याचं उत्तर बरोबर आलं असतं, कारण ते वर-खाली कटतं. तिसऱ्या वहीत तसंच झालं होतं का, हे मी त्या मुलाला विचारलं. त्याने मांडणी दाखवली: १.४४७३६३ × १०^१२ भागिले ३.८५ × १०^९. ती मांडणी पाहिल्यावरच मी त्याला टिक दिली.

सहाचा फरक आणखी दोन ठिकाणांहून येतो. एक म्हणजे मायक्रोग्रॅम, मायक्रोमीटर हे शब्द (मायक्रो म्हणजे दहा लाखावा भाग), आणि दुसरं म्हणजे चौरस किलोमीटर. यातलं दुसरं जास्त फसवं आहे. किलोमीटरचे मीटर करताना हजाराने गुणायचं हे प्रत्येकाला माहीत असतं. त्यामुळे चौरस किलोमीटरचे चौरस मीटर करतानाही हात हजारावरच थांबतो आणि तिथे तीनाचा फरक पडतो. जो मुळीच रूपांतर करत नाही, त्याचा सहाचा.

यासाठी मी २६ जुलै २००५ चा पाऊस घेते. माझ्या आजच्या विद्यार्थ्यांपैकी कुणीही तेव्हा जन्मलेलं नव्हतं, पण कंबरभर पाण्यातून चालत घरी आलेले आईबाबा, रात्रभर बसमध्ये अडकलेली मावशी, या गोष्टी सगळ्यांनी घरात ऐकलेल्या असतात. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. तेवढा पाऊस एक चौरस किलोमीटरवर पडला, तर किती लिटर पाणी झालं?

९४४ मिलिमीटर म्हणजे ९.४४ × १०^−१ मीटर. एक चौरस किलोमीटर म्हणजे १०^३ मीटर लांब आणि १०^३ मीटर रुंद, म्हणजे १०^६ चौरस मीटर. गुणाकार ९.४४ × १०^५ घनमीटर. एका घनमीटरमध्ये १०^३ लिटर, म्हणून ९.४४ × १०^८ लिटर. आता हे दशलक्षांत वाचा: ९४४ दशलक्ष लिटर! मिलिमीटरचा आकडा जसाच्या तसा परत आला. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक दशलक्ष लिटर पाणी. हे फळ्यावर पहिल्यांदा उतरतं तेव्हा वर्ग शांत होतो आणि मलाही दरवर्षी तेवढाच आनंद होतो. मग कुणीतरी स्वतःहून ३,८५० ला ९४४ ने भागतं. चार चौरस किलोमीटरवर त्या दिवशी जेवढं पाणी पडलं, तेवढं अख्ख्या शहराला दिवसभर पुरतं.

याच ठिकाणी एक मुलगा उत्साहाने ९४४ ला मुंबईच्या ६०३ चौरस किलोमीटरने गुणायला निघाला होता. त्याचा गुणाकार आणि घात दोन्ही बरोबर आले असते, तरी उत्तर खोटं ठरलं असतं, कारण त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस झाला होता. सांताक्रूझचा पाऊस सगळ्या शहरावर पसरता येत नाही. अशी चूक घातांकाच्या फरकात पकडता येत नाही. ती वाक्य वाचतानाच पकडावी लागते.

फरक एकाचा किंवा दोनाचा

मुंबईत ही चूक फार आणि तिचं कारणही मुंबईचंच आहे. एकाच घरात आजोबा कोटींत बोलतात, आई लाखांत हिशेब करते आणि इंग्रजी माध्यमातलं मूल मिलियन मोजतं. त्याला शाळेत एक सोपी युक्ती सांगितलेली असते: स्वल्पविराम मोजा आणि तीनाने गुणा. मिलियनच्या पद्धतीत दर तीन अंकांवर स्वल्पविराम येतो, तिथे ही युक्ती चालते. आपल्या पद्धतीत पहिला तीन अंकांवर आणि पुढचे दोन-दोन अंकांवर येतात.

२०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १,२४,४२,३७३ होती. यात तीन स्वल्पविराम आहेत, म्हणून मूल १.२४ × १०^९ लिहितं. खरा घात ७. फरक दोनाचा. लाखाच्या संख्येत दोन स्वल्पविराम असतात, तिथे ते सहा धरतं, खरे पाच. फरक एकाचा. म्हणजे कोटीच्या उदाहरणांत सारखा दोनाचा आणि लाखाच्या उदाहरणांत सारखा एकाचा फरक पडत असेल, तर त्या मुलाला घातांकांचा धडा पुन्हा शिकवू नका. ते स्वल्पविराम कसे मोजतंय ते पाहा.

ही चूक लपूनही बसते. माणशी रोज किती पाणी येतं, हे काढायचं होतं. ३.८५ × १०^९ भागिले १.२४४ × १०^९ करून एका मुलीने उत्तर आणलं ३.१ लिटर. मला म्हणाली, “बाई, बरोबर वाटतंय ना? माणूस दिवसाला तीन लिटर पाणी पितो.” मी विचारलं, “मग आंघोळ? भांडी? तुमचा नळ सकाळी किती वेळ येतो, किती बादल्या भरता?” ती मनाशी मोजायला लागली आणि स्वतःच म्हणाली, “तीन लिटर तर एक हंडासुद्धा नाही.” खरं उत्तर ३.१ × १०^२, म्हणजे सुमारे ३१० लिटर. त्यात दवाखाने, हॉटेलं, कार्यालयं, गळती असं सगळंच येतं, शिवाय लोकसंख्या जुनी आहे. पण तीन लिटर की तीनशे, एवढा निवाडा त्यातून होतो.

स्वल्पविरामांवर माझा उपाय जुना आहे. आमच्या आज्या ‘एकं, दहं, शतं’ पाठ म्हणायच्या. तेच म्हणायचं, फक्त ‘एकं’ म्हणताना मूठ बंद ठेवायची आणि ‘दहं’पासून एकेक बोट उघडायचं. एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज. ज्या शब्दावर थांबलात, तिथे जितकी बोटं उघडी, तोच घातांक. लक्षाला पाच, दशलक्षाला सहा, कोटीला सात, अब्जाला नऊ. आपल्या आजीच्या तोंडच्या ओळीत सगळं वैज्ञानिक रूप आधीच बसलेलं आहे. संख्या अंकांत दिली असेल तर अंक मोजायचे आणि एक वजा करायचा. १,२४,४२,३७३ मध्ये आठ अंक, घात सात. स्वल्पविरामाकडे बघायचंच नाही.

याच बोटांनी पाचाचा आणि सातचा फरकही ओळखता येतो. पाचाने चुकलं तर कुठेतरी ‘लाख’ गिळला गेला, सातने चुकलं तर ‘कोटी’. महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. माणशी किती हे काढताना कोटी विसरला की एका पैशाहूनही कमी रक्कम येते. कोटी धरून सुमारे ६० हजार रुपये.

फरक दोनाचाच, पण स्वल्पविराम बरोबर आहेत, असंही होतं. तेव्हा शेवटची ओळ तपासा. ३७.६ × १०^१ ला नीट रूप द्यायचं असतं, म्हणजे पुढचा आकडा एक ते दहाच्या मध्ये आणायचा असतो. मूल ३.७६ लिहितं आणि घात मात्र वाढवायच्या ऐवजी कमी करतं, १०^०. ‘डावीकडे सरकलं की अधिक, उजवीकडे सरकलं की वजा’ हे पाठ केलेलं असतं आणि परीक्षेत नेमकं उलटं आठवतं. पाठ करूच नका. पैशांत विचार करा. दहाच्या ३७.६ नोटा द्यायच्या ऐवजी शंभराच्या किती द्याल? ३.७६. रक्कम तीच राहायला हवी. नोटांची संख्या कमी झाली तर नोट मोठी हवी. एवढं सांगितलं की पुन्हा विचारावं लागत नाही.

आकडाच वेगळा आला

पुढचा आकडा जुळतच नसेल तर शून्यांच्या मागे लागू नका. पहिला संशय वेळेवर घ्या. मीटर, लिटर, ग्रॅम यांची रूपांतरं दहाच्या घातांनी होतात, म्हणून त्यात चूक झाली तरी आकडा शाबूत राहतो. मिनिटाला ६० सेकंद, तासाला ३,६००, दिवसाला २४ तास. यांनी गुणलं-भागलं की आकडाच बदलतो.

सूर्य आपल्यापासून सुमारे १.५ × १०^८ किलोमीटर दूर. लोकल ताशी १०० किलोमीटरने कुठेही न थांबता सूर्याकडे निघाली तर किती वर्षांनी पोहोचेल? भागाकार १.५ × १०^६ तास. इथवर सगळे येतात. पुढे २४ ने भागून ६.२५ × १०^४ दिवस आणि ३६५ ने भागून सुमारे १७१ वर्षं. ज्याने १.५ × १०^६ च्या पुढे ‘दिवस’ लिहून ठेवलं, त्याचा आकडा १.५ वरच अडकलेला दिसेल. प्रकाशाचं उदाहरणही असंच: १.५ × १०^११ मीटर भागिले सेकंदाला ३ × १०^८ मीटर, म्हणजे ५ × १०^२ सेकंद, आठ मिनिटं वीस सेकंद. अर्धा वर्ग पाचशे मिनिटं लिहितो, कारण ‘सूर्याचा प्रकाश आठ मिनिटांत येतो’ हे ऐकलेलं असतं आणि उत्तर मिनिटांतच येणार असं मनात धरलेलं असतं.

दुसरा संशय बेरजेवर. विहार तलावाची क्षमता २.७६९८ × १०^१० लिटर, तुळशीची ८.०४६ × १०^९ लिटर. दोन्ही मिळून किती? गुणाकारात घात मिळवायची सवय लागलेली असते, म्हणून १०.८ × १०^१९ असं उत्तर येतं. हे पाणी मुंबईच्या सातही तलावांच्या मिळून साठ्याच्या कोट्यवधी पट झालं, आणि हे दोन तर त्यांतले लहान तलाव! बेरजेला आधी घात सारखे करावे लागतात. तुळशीचे ०.८०४६ × १०^१० करा, मग २.७६९८ + ०.८०४६ = ३.५७४४, घात तोच. रुपये आणि पैसे एकाच रकान्यात लिहून बेरीज करत नाही, तसंच.

ऋण घात आला की

इथे फरक मोठा येतो, अकरा-सोळाचा, आणि तो सम असला तर बहुधा कुठल्यातरी घाताच्या दुप्पट असतो. म्हणजे त्या घाताचं चिन्ह उलटं पडलंय.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास सुमारे ५ मिलिमीटरचा, ५ × १०^−३ मीटर. डेंग्यूचा विषाणू सुमारे ५० नॅनोमीटरचा (एक नॅनोमीटर म्हणजे १०^−९ मीटर), ५ × १०^−८ मीटर. डास विषाणूच्या किती पट? भागताना खालचा घात वजा होतो: −३ वजा (−८) म्हणजे −३ + ८ = ५. उत्तर १०^५, एक लाख पट. चुकणारा −३ − ८ = −११ करतो. फरक सोळाचा, आठाची दुप्पट. म्हणजे खालच्या −८ चं चिन्ह बदललं गेलं नाही.

लिहायच्या आधी एकच प्रश्न विचारा: मोठं कोण? डास मोठा. मग ‘किती पट’ याचं उत्तर एकापेक्षा मोठं हवं, घात धन हवा. हा प्रश्न मी वहीच्या समासात लिहायलाच लावते. काही मुलांचा घोळ याहून आधीचा असतो. त्यांना वाटतं १०^−८ ही ऋण संख्या आहे, किंवा आठ तीनापेक्षा मोठे म्हणून १०^−८ मोठी. त्यांना नियम सांगून उपयोग होत नाही. ०.०००००००५ पूर्ण लिहायला लावा आणि त्याच्या खाली ०.००५ लिहायला लावा. एकदा हाताने शून्यं लिहिली की लख्ख दिसतं.

मोबाइलवर ताळा करताना

बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो, पण घरी ताळा करायला मुलं मोबाइलच घेतात आणि बरोबर सोडवलेलं उदाहरण मोबाइलचं ऐकून खोडतात. १.४४७३६३ × १०^१२ ÷ ३.८५ × १०^९ असं सलग टाइप केलं की यंत्र डावीकडून उजवीकडे जातं. ते ३.८५ ने भागतं आणि १०^९ ने गुणतं. उत्तर १०^१८ ने चुकतं, पुन्हा नवाची दुप्पट. खालची पूर्ण संख्या कंसात टाका. दुसरं म्हणजे पडद्यावर मधोमध इंग्रजी ‘ई’ दिसतो आणि त्याच्यापुढे १२ असतात, त्याचा अर्थ ‘गुणिले दहाचा बारावा घात’. या ‘ई’साठी वेगळं बटण असलेल्या कॅल्क्युलेटरवर आधी ‘× १०’ दाबून मग ते बटण दाबलं, की एक शून्य जास्त पडतं, कारण दहा त्या बटणात आधीच आहेत. एकाचा फरक आला आणि लाख-मिलियनचा संबंधच नसला, तर तो इथून आलेला असतो.

गणिताच्या आधीची एक ओळ

एवढं सगळं शोधावं लागू नये म्हणून मी एक सवय लावते. वाक्यातली प्रत्येक संख्या शब्द आणि एककासकट एका ओळीत उतरवायची: तलाव – १४,४७,३६३ – दशलक्ष – लिटर. मग त्याच ओळीत शब्दाचा घात बोटांवर मोजून लिहायचा. आणि भागाकार करण्याआधी फक्त घातांचा अंदाज काढायचा: बारातून नऊ गेले, तीन उरले, पुढचा आकडा एकाहून कमी आहे, म्हणजे उत्तर शेकड्यांत. शेकडो दिवस. वर्षभर. तलाव भरले की पुढच्या पावसाळ्यापर्यंत पाणी पुरतं आणि नीट भरले नाहीत की उन्हाळ्यात पाणीकपात लागते, हे मुंबईच्या मुलाला अनुभवाने ठाऊक असतं. ३२ सेकंदवाल्या मुलीलाही ते माहीत होतं. तिने ते वहीपर्यंत आणलं नव्हतं, एवढंच.

राहिला प्रश्न उत्तरात किती अंक ठेवायचे याचा. भागाकार ३७५.९४ येतो आणि काही मुलं दशांशाचे सहा-सात अंक लिहितात. पण रोजचे ३,८५० हाच मुळात ‘सुमारे’ होता. त्यामुळे ३.७६ × १०^२ पुरे, आणि पुढे ‘दिवस’ लिहायला विसरू नका. त्याचा अर्धा गुण दरवर्षी कुणाचातरी जातो.